डाव्या अंगाचा ड्रम

सातपूर, नाशिक
१४ नोव्हेंबर १९८३

निवृत्ती भाऊजींना सप्रेम जयभीम.

तुम्ही कळवणला पोहोचल्याचं कार्ड मिळालं. इकडे आम्ही ठीक आहोत. भेटायला माणसं येऊन जाऊन आहेत. तुमचा मफलर इथेच राहिला. थंडी पडू लागली आहे, कोणाबरोबर तरी पाठवते.

यांचं पुण्यानुमोदन येत्या रविवारी ठेवलं आहे. पुंजाराम आला तर मी येणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्याविषयीच हे पत्र आहे. याआधी लिहायला बसले होते, पण जमलं नाही.

झटक्यानंतर यांचा डावा हात-पाय सुधारत गेला, ते तुम्ही पाहिलंच. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, चालायला लावलं आणि कंपनीला कळवलं की कामगारांची बस यांच्या हाती परत देण्याआधी यांना ती मैदानात चालवायला लावून बघा. बसचं सगळं पुंजाराम भाऊंकडे, म्हणून ते कामही त्यांच्याकडेच आलं. जुन्या दोस्ताने नापास केलं, एवढंच तुम्हाला माहीत आहे.

एकदा जेवताना हे म्हणाले, "आज चटणी नाही केलीस?" चटणी ताटातच होती, नेहमीसारखी डाव्या हाताला. मी म्हटलं, "ती काय." तरी ते शोधतच राहिले. मी ताट फिरवलं तेव्हा हसले. "अगं, लपवून ठेवतेस काय!"

मग ते रोजचंच झालं. डावीकडची अर्धी भाकरी तशीच ठेवून आणखी भाकरी मागायचे. दाढी करून उठले की डावा गाल तसाच. ती बाजू त्यांच्या लेखी उरलीच नव्हती, आणि उरली नाही हे त्यांना कळत नव्हतं.

बसचा दरवाजा डावीकडे असतो, भाऊजी. शिफ्ट सुटली की माणसं तिकडूनच धावत येतात.

यांना न सांगता मी पुंजाराम भाऊंच्या घरी गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "वहिनी, घरी बसवला तर सहादू मरेल."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. तरी डावीकडचं नीट बघा."

त्यांनी मैदानात डाव्या अंगाला एक रिकामा ड्रम उभा केला. मी कुंपणाबाहेर होते. बस आली आणि ड्रम चेपून पुढे गेली. केवढा आवाज झाला. हे खाली उतरले आणि म्हणाले, "काय पुंज्या, हात बसलेला आहे ना अजून?" पुंजाराम भाऊंनी ड्रम दाखवला, तर म्हणाले, "हा तू मागून आणून ठेवलास."

शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. तुम्हालाही तेच सांगितलं. मी आत भाकरी थापत ऐकत होते. एकदा मलाच विचारलं, "सुमन, तू सांग. मला दिसत नाही का?"

मी म्हटलं, "दिसतं."

पुंजाराम भाऊंनी माझं नाव कधीच घेतलं नाही. स्मशानात "याने माझ्या भावाला मारलं" म्हणून तुम्ही त्यांची कॉलर धरलीत, तेव्हाही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसरा झटका घरी बसल्यामुळे आला का, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. रात्रंदिवस मला तेच पोखरतं आहे. पण तीच वेळ परत आली तर मी परत त्यांच्या घरी जाईन.

रविवारी वंदना झाल्यावर हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पुंजाराम भाऊ नको म्हणत होते, मीच आग्रहाने बोलावलं आहे. ते यांच्या फोटोजवळ बसतील. तुम्हीही यावं. यांच्या पाठचे तुम्ही एकटेच. जे बोलायचं ते मला बोला, मी ऐकून घेईन.

यापुढे मला वहिनी म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मात्र तशीच सही करते.

तुमची वहिनी,
सुमन