चार नंबरचा ट्रॅक

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११.४०, म्हणजे स्वीडनमध्ये ८.१०

आजपासून रोज लिहायचं.

ग्रोस्टेनचा मेल आला. ग्रोस्टेन म्हणजे स्वीडनमधलं एक छोटं म्युझिक लेबल, मोठ्या कुठल्याही कंपनीच्या दावणीला न बांधलेलं. दोन माणसं चालवतात. टेक्नो, हाउस, असलं नाचायचं म्युझिक. त्यांची नवी गाणी बाजारात यायच्या आधी जगातल्या निवडक डीजेंना मिळतात. निवडकांत मी आहे. फॉर्ममध्ये ‘रेसिडेंट डीजे, बेंगलोर’ असं भरलं होतं. त्यांच्यात रेसिडेंट म्हणजे एका क्लबचा कायमचा डीजे, पण तसं खोटं नाही. सात महिने इथंच राहतोय, राजाजीनगरला, अक्काच्या हॉलमध्ये.

या खेपेला सहा नवे ट्रॅक. एकतीस तारखेच्या आत प्रत्येकावर फीडबॅक द्यायचा. ज्याचा फीडबॅक चांगला त्याला डिसेंबरमध्ये त्यांच्या ऑनलाइन रेडिओवर एक तास. गेस्ट मिक्स. गाणी त्यांची, नाव माझं.

हे व्हायलाच पाहिजे. काल अक्कानं मुदत दिली. गुरुराजदाजींनी महादेवपुऱ्याला त्यांच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकलाय. फॅसिलिटीज डेस्क. म्हणजे एसी गार होत नाही असा फोन आला की आपण दुसऱ्याला फोन करायचा. नोव्हेंबर संपेपर्यंत तुझ्या म्युझिकचं काहीतरी दिसू दे, नाहीतर एक तारखेपासून गळ्यात आयकार्ड, असं अक्का म्हणाली. मी म्हणालो चालेल. इतक्या शांतपणे म्हणालो की तिलाच काळजी वाटली असावी.

प्लॅन: रोज एक ट्रॅक. डोळे मिटून. तीनदा. नोट्स.

२५ ऑक्टोबर

हेडफोनची उजवी बाजू गेलेली. अर्ध्या कानानं ऐकून मत देणं बरं नाही. दुरुस्तीला एस. पी. रोडला गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा हातात सेकंडहँड प्रोजेक्टर होता. हेडफोन कुठल्या दुकानात ठेवला ते आठवत नाही. प्रोजेक्टरचा बल्ब मिळाला की चालेल म्हणे.

दाजींनी विचारलं, भिंत कुठली धरलीयस. व्हिज्युअल्स म्हणजे गाण्याबरोबर भिंतीवर हलणारी चित्रं, हे त्यांना समजावण्यात अर्थ नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज स्वीडनमध्ये घड्याळं एक तास मागं गेली. मीही गेलो. आता साडेअकराला उठलं तरी तिकडे सातच वाजलेले असतात. तसं पाहिलं तर मी लवकर उठणारा माणूस आहे.

अक्का म्हणाली, स्वीडनला पोहे मिळतात का बघ, इथले संपले.

२७ ऑक्टोबर

दुपारी देवाप्पांकडे. चामराजपेटला त्यांचं साउंड-लाइटचं दुकान आहे. लग्न, गणपती, रिटायरमेंट, सगळीकडे त्यांचे स्पीकर जातात. मी तिथं वायरी ओढतो. तात्पुरतं. देवाप्पांचं घराणं मूळचं मराठी, पण चार पिढ्या इथं काढल्यात, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करतात आणि कन्नडमध्ये उतरतात. मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांना अण्णा.

दुकान उघडलं की ते उदबत्ती लावतात आणि एक फाइल वाजवतात. स्पीकर तपासायची. नुसतं हूंऽऽ. सूर नाही, ताल नाही, फ्रिज चालू असल्यासारखं. ते त्याला ओंकार म्हणतात. एकेका डब्याला कान लावत फिरतात आणि मग सरी म्हणतात, म्हणजे ठीक आहे. हे झाल्याशिवाय चहा नाही.

मिक्सरला मात्र हात लावू देत नाहीत. आधी वायर गुंडाळायला शीक म्हणतात. सात महिने वायर गुंडाळतोय. माझं टॅलेंट तिकडं स्वीडनला कळतं, इथं चामराजपेटला नाही.

२९ ऑक्टोबर

शांतपणे ऐकावं म्हणून लालबागेत गेलो. झाडाखाली बसलो. वॉचमननं उठवलं तेव्हा गेट बंद व्हायची वेळ झाली होती.

अजून दोन दिवस आहेत. म्हणजे रोज तीन ट्रॅक. हे उलट सोपं.

३१ ऑक्टोबर, दुपारी ४

उद्या कर्नाटक राज्योत्सव. देवाप्पांकडे पाच चौकांचं काम. टेम्पोत स्पीकरच्या वर बसून लिहितोय. समोर लाल-पिवळ्या पताकांचा ढीग.

फीडबॅक पाठवून टाकला. या धंद्याची पद्धत अशी की आधी रकान्यात मत लिहायचं, मगच गाणं उतरवून घेता येतं. लिंकवर ऐकायचीही सोय असते, पण टेम्पोच्या आवाजात काय ऐकणार. आणि अनुभवी माणसाला नाव आणि लांबी बघून अंदाज येतो. नावं वाचताच येत नाहीत, अक्षरांवर टिंबं आहेत. म्हणून लांबी बघितली.

एक नंबर: सुंदर.
दोन: खूप सुंदर.
तीन: वॉर्म-अपसाठी परफेक्ट.
चार सगळ्यात लांब, सात मिनिटं. त्याच्यावर जरा मन लावून लिहिलं. एकदम धाडसी. बेसलाइन हाडांत शिरते. शनिवारी वाजवला, बेंगलोर वेडं झालं.
पाच आणि सहा: वरीलप्रमाणे.

हलकं वाटतंय.

१ नोव्हेंबर

पाय दुखताहेत. ऐकलं बरंच, सगळं कन्नड.

५ नोव्हेंबर, दुपारी १

स्वीडनहून मेल. लेबलवाल्याचं नाव माल्टे. स्वतः लिहिलंय, पर्सनल.

म्हणतो की चार नंबरला त्यांच्याकडून चुकीची फाइल गेली. गाण्याऐवजी स्टुडिओत स्पीकर तपासायची फाइल लागली, सलग एकच हूं. बऱ्याच जणांनी कळवलं, आभार. खरं गाणं सोबत जोडलंय. पुढं एक ओळ: बेंगलोरला ते हूं आवडलं हे वाचून आम्हा दोघांना नवल वाटलं.

अर्धा तास बसून राहिलो.

मग लक्षात आलं की ही संधी आहे. बाकी सगळ्यांनी तक्रार केली. मी एकट्यानं त्यातलं म्युझिक ओळखलं. आता मागं हटलो तर खोटा पडेन. उत्तर पाठवलं की बेंगलोरचा म्युझिक सीन फार पुढं गेलाय, आम्ही लोक शुद्ध हूंवर नाचतो, त्यामागं शेकडो वर्षांची परंपरा आहे.

खरं गाणं उतरवलं नाही. फोनमध्ये जागा नाही. प्रोजेक्टरच्या बल्बचे फोटो फार झालेत.

८ नोव्हेंबर

माल्टेचं उत्तर. त्याला हे फार इंटरेस्टिंग वाटलं. दिवसा तो शाळेची बस चालवतो, परवा मुलांना सांगितलं म्हणे. मुलं म्हणाली, व्हिडिओ दाखव. तर व्हिडिओ पाठवशील का.

स्वीडिश मुलांचा प्रश्न आहे. मी पाठवतो म्हटलं.

११ नोव्हेंबर

अक्कानं विचारलं, काय झालं तुझ्या परदेशाचं. म्हटलं, बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. ती म्हणाली, कुणाची. म्हटलं, व्हिडिओ मागितलाय त्यांनी. अक्का म्हणाली, कपडे घालून ना.

दाजींनी आयकार्डासाठी फोटो मागितलाय. देऊन ठेवला. त्यांचं मन राखायला.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी

आज रिसेप्शन, इथंच राजाजीनगरात. देवाप्पांची ऑर्डर. नरसिंहरावांच्या मुलीचं लग्न. ते बँकेतून रिटायर झालेत आणि परवापासून देवाप्पांना रोज फोन करताहेत की आवाज स्वल्प सॉफ्ट ठेवा, आमच्याकडं वडीलमंडळी फार.

साधा प्लॅन. आठला ऑर्केस्ट्रावाले जेवायला जातात. देवाप्पाही पहिल्या पंगतीला बसतात, त्यांना शुगर आहे. मिक्सरपाशी मी एकटा, वीणेची रेकॉर्ड चालू. बल्बचे फोटो काढून टाकून माल्टेचं हूं फोनमध्ये उतरवलंय, ते लावायचं, चार हालणारी माणसं फ्रेममध्ये घ्यायची. दोन मिनिटांचं काम. मग परत वीणा.

१६ नोव्हेंबर, त्याच दिवशी

लावलं.

पहिलं मिनिट कुणाला काही कळलं नाही. मला वाटलं, जमतंय. स्टेजवर आशीर्वादाची लाइन थोडी डुलत होती, पण ती एरवीही डुलते. मग एका आजींनी कानातलं मशीन काढून झटकलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. त्यांच्या मुलानं वर पंख्याकडं बघितलं. कुणीतरी जनरेटर म्हणालं. तो शब्द इतक्या वेगानं फिरला की मी बंद करायच्या आत हॉलच्या मॅनेजरनं मेन स्विच पाडला.

अंधार. नवरा-नवरी एका काकांचा हात हातात घेऊन तशीच उभी.

देवाप्पा केळीच्या पानावरून उठून आले. होळिगे, म्हणजे पुरणपोळी, अर्धी राहिलेली, हाताला सार. नरसिंहराव काय काय बोलले ते लिहीत नाही, बरंचसं कन्नडमध्ये होतं आणि सगळं कळलं. मुलीचं एकच लग्न, आणि तुम्ही शॉर्टसर्किट घेऊन आलात, असा सूर. देवाप्पा एवढंच म्हणाले की जॉइंट जुना झालाय रायरे, चूक माझी. मग गुडघ्यांवर बसले आणि स्टेजखाली शिरले. वय त्रेसष्ट. एकेक वायर हातात घेऊन, दाबून, कान लावून बघत होते. वीस मिनिटं. मी टॉर्च धरला होता.

सांगणारच होतो. पण टॉर्च हलला असता.

लाइट आला. बाहेर आले तेव्हा पांढऱ्या शर्टाची समोरची बाजू काळी झाली होती. तसेच मिक्सरवर जाऊन बसले आणि वीणा लावली. परत पानावर गेले नाहीत.

व्हिडिओ एकावन्न सेकंदांचा आहे. त्यातली शेवटची तीस काळी.

१७ नोव्हेंबर

व्हिडिओ माल्टेला पाठवला. काळ्या भागाबद्दल लिहिलं की इथं क्लायमॅक्सला सगळे दिवे घालवायची पद्धत आहे.

देवाप्पांना उद्या सांगणार.

१८ नोव्हेंबर

दुकानात गिऱ्हाईक होतं.

१९ नोव्हेंबर

गिऱ्हाईक नव्हतं. पण देवाप्पांचे गुडघे सुजलेत, तेल चोळत बसले होते. अशा वेळी माणसाला त्रास देऊ नये. सकाळचा ओंकार ऐकायला मी थांबत नाही हल्ली. बाहेर जाऊन चहा आणतो.

२१ नोव्हेंबर, दुपारी ३

माल्टेचा मेल. मराठीत मांडायचा तर असा.

प्रिय चंदन, व्हिडिओ मुलांना दाखवला नाही. आम्ही दोघांनी पाहिला. शेवटी अंधारात एक म्हातारा माणूस कुणाची तरी माफी मागतोय असं वाटलं. भाषा कळली नाही, पण तेवढं कळलं. ही यादी आम्ही ऐकणाऱ्यांसाठी ठेवलीय. तुझं नाव काढतोय, राग नाही. गेस्ट मिक्स यंदा तुमच्याच राज्यात येतोय, म्हैसूरच्या एका दातांच्या डॉक्टरबाईंकडे. चार नंबरची फाइल चुकलीय असं सगळ्यांत आधी त्यांनी कळवलं होतं.

म्हैसूरला सीनच नाही.

दातांची डॉक्टर. दिवसभर ड्रिल ऐकते, तिला काय वेगळं कळणार.

मेल परत वाचला. परत एकदा वाचला. म्हातारा माणूस ही ओळ काढून टाकली तर तसा मेल चांगला आहे.

२३ नोव्हेंबर

अक्काला सांगितलं की सध्या थोडा ब्रेक घेतोय. ती काही टोमणा मारेल म्हणून तयारीत होतो. तिनं पांढरे शर्ट दोन आणलेत, इस्त्री करून कपाटात ठेवलेत. कपाटात माझ्यासाठी एक कप्पाही रिकामा केलाय. इतके दिवस बॅगेतून राहत होतो.

दाजी म्हणाले, कॅब सव्वासातला येते. इथल्या सव्वासातला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी देवाप्पांकडे गेलो. सोमवारपासून येणार नाही हे सांगायला. ते दारात बसून वायर सोडवत होते. बरं झालं म्हणाले, एसीत बसशील, तब्येत सुधारेल.

मग मी सांगितलं. रिसेप्शन, हूं, व्हिडिओ, स्वीडन. भराभर सांगितलं, त्यांच्या गुडघ्यांकडं न बघता.

ते वायर सोडवत राहिले. म्हणाले, ठाऊक आहे तम्मा. चाळीस वर्षं त्याच आवाजावर उदबत्ती लावतोय, मला ओळखू येणार नाही? पानावर बसलो होतो तिथंच कळलं.

मग खाली का शिरलात, मी विचारलं.

म्हणाले, नरसिंहरावांनी वायरकडं बघावं म्हणून. ते तुझ्याकडं बघायला लागले होते. वायरीला शिव्या लागत नाहीत.

मग म्हणाले, ते गाणं चुकून बदललं म्हणतोस, मग खरं गाणं कसं होतं रे? सात मिनिटांचं म्हणजे काहीतरी असेलच त्यात.

पटकन तोंडात आलं होतं काहीतरी. धाडसी, हाडांत शिरणारं, असलं. देवाप्पा हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत होते, ऐकायला तयार होऊन बसल्यासारखे.

म्हटलं, ऐकलं नाही अण्णा. एकही नाही ऐकलं.

सरी, म्हणाले. आणि वायरचं दुसरं टोक माझ्याकडं टाकलं, गुंडाळायला.