कबरीतली थट्टा

वागादुगु,
१४ नोव्हेंबर २०२१

प्रिय आन्सेल्म,

घरची मंडळी कशी आहेत? काम कसं चाललंय? समुद्राची दमट हवा तुझ्या छातीला मानवते ना? इकडे ऊन उतरलं आहे आणि सकाळी धुळीचा वारा सुटतो. आईचा गुडघा बरा आहे. बाजरी बेताची आली.

बाबांना नीट पोचवलं. कोरोनामुळे माणसांना सीमा बंद आणि कांद्याच्या ट्रकला उघडी, म्हणून तू येऊ शकला नाहीस. त्याचा दोष तुला कुणी दिला नाही. हे पत्र त्या ट्रकवाल्याच्याच हाती देते आहे. अंत्यविधीचं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा लाईन खराब आहे म्हणाले. लाईन चांगली होती.

माणसं खूप आली. मामाही आला. कॅप्टनच्या खुनाचा खटला लष्करी न्यायालयात उभा राहिल्यापासून शहरात दुसरा विषय नाही, तेव्हा आपल्या अंगणात तरी तो कसा टळणार? कुणीतरी म्हणालं, कॅप्टन राष्ट्राध्यक्ष म्हणून जगला असता तर देश असा राहिला नसता. मामाची मास्तरकी कॅप्टनच्याच राजवटीत संपापायी गेली होती. तो म्हणाला, "झाडं लावली त्यांनी, मान्य. त्यातल्याच एका झाडाखाली मी तीन वर्षं बेकार बसलो." हसले सगळे. मग मारलं कुणी यावर वाद लागला. चौतीस वर्षं झाली, तरी ज्याच्या त्याच्याकडे आपापला खुनी आहे.

आपल्या घरात तर ते भरपूर होते. बाबा दर ऑक्टोबरला, खुनाच्या तारखेला, नवा काढायचे. एका वर्षी फ्रान्स, दुसऱ्या वर्षी आबिजान, मग लिबिया, मग लायबेरियाचे भाडोत्री सैनिक. आपण आ वासून ऐकायचो. खुनी बदलायचा, पण तो नेहमी लांबचा असायचा. आणि खून झाला त्या गुरुवारी, कॅप्टनच्या कचेरीच्या फाटकावर पहारा देणारे बाबा गोष्टीत नेहमी रजेवर गावी असायचे.

आता सांगते.

खड्डा तयार झाला तेव्हा गल्लीतले तोए काका रिवाजाप्रमाणे त्यात उतरून आडवे झाले. बाबांची जुनी टोपी त्यांनी कुठून मिळवली होती कोण जाणे. दोलो दारूचे दोन रांजण आणि कोंबडा मिळाल्याशिवाय उठणार नाही, म्हणाले. सामो जमातीचा माणूस आपल्या मोस्सींच्या कबरीत लोळणारच आणि मोस्सीने रागवायचं नाही, हे दोन जमातींमधलं थट्टेचं नातं आपण चालायच्या आधी शिकलो. आई गेली की तिच्याही कबरीत ते लोळणार होते. मी ओठ दाबून हसतच होते.

मग ते बाबांच्या खोकल्यासकट बाबांच्या आवाजात बोलू लागले. "मला पुरू नका रे. अजून सांगायचं राहिलंय."

वरून त्यांचा पुतण्या म्हणाला, "सांग की मग, म्हाताऱ्या. त्या गुरुवारी कुठे होतास?"

"मी? मी तर गावी. गोळी फ्रान्सहून पायी पायी आली. बिचारी दमली होती. मी फक्त फाटक उघडलं."

सगळे पोट धरून हसले. पाद्रीसुद्धा हसला.

मी खड्ड्यात उडी मारली, आन्सेल्म. त्यांच्या डोक्यावरची टोपी ओढली आणि थोबाडीत मारली. मारलं तेही झाकलं गेलं असतं, दुःखात बाई वेडी झाली म्हणून. पण मी ओरडले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

खोटं आहे, असं मी म्हणाले नाही.

हसणं थांबलं. तोए काकांना काही माहीत नव्हतं. पहारेकऱ्याची थट्टा करायची तर फाटकाचीच करणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते हळूच उठले, अंगावरची माती झटकली आणि रांजण न मागता निघून गेले. तेव्हापासून गल्लीतला एकही सामो मला थट्टेतसुद्धा शिवी देत नाही. काल तोए काकांनी रस्त्यात मला वाकून नमस्कार केला आणि आईची तब्येत विचारली, परक्या घरची विचारावी तशी.

मला कुणी सांगितलं होतं, ते तू विचारशीलच. बाबांनीच. खटला सुरू झाला त्या आठवड्यात. गाड्या आल्या, आतले लोक ओळखीचे होते, फाटक उघड म्हणाले, त्यांनी उघडलं. बंदूक खांद्यावरच राहिली. गोळ्यांचा आवाज थांबेपर्यंत ते फाटक धरून उभे होते. ते बंद करायचं की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच. मग ते म्हणाले, "हे मला कोर्टात सांगायचंय."

मी म्हणाले, तुम्ही आजारी आहात. मी म्हणाले, आन्सेल्म तिकडे कॅप्टनच्या नावाने मंडळ चालवतो, त्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ते ऐकेनात. सकाळी जाणार होते. त्यांची एकच बरी पँट होती. ती मी पाण्यात भिजत घातली.

ते दिवसभर दोरीसमोर खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी पँट वाळली तेव्हा कोर्ट उठलं होतं, आणि दुसऱ्या सकाळी त्यांना उठवेना. त्यानंतर ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

त्यांनी फाटक उघडलं याची मला लाज वाटते, पण त्या लाजेबरोबर राहता येतं. ते शिपाई होते. माझ्यावर कुणाचा हुकूम होता? तुझं नाव मी पुढे केलं. पण तुझ्यासाठी मी ते केलं नाही. बाजारात माझ्या गाळ्यावर लोक येणार नाहीत, म्हणून केलं.

तुमच्या सभागृहात कॅप्टनच्या शेजारी लावायला तू बाबांचा गणवेशातला फोटो मागितला आहेस. तो मी पाठवत नाही. कॅप्टनबद्दल तुम्हाला जे बोलायचं ते बोला, तो सगळ्यांचा आहे. बाबांना त्याचे साथीदार म्हणू नकोस.

उद्या सोमवार. मी कोर्टात जाऊन बाबांचं म्हणणं सांगणार आहे. मेलेल्याच्या मुलीचं ऐकून घेतात की नाही, ठाऊक नाही. नाही घेतलं तर बाहेर उभ्या असलेल्या वार्ताहरांना सांगेन. तुझी परवानगी मागत नाही. पत्र पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, हे धरूनच ते ट्रकने पाठवते आहे. फोन केला असता तर तू मला थांबवलं असतंस, आणि मी थांबले असते.

मुलांना जवळ घे.

बाबांना थांबवणारी, तुझी ताई,
एदविज