रेघेच्या आतला पाय

आदरणीय वहिनी,

धाकट्या दिराचा लांबूनच वाकून नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल, दादा घोरत असेल आणि पिल्लू शाळेला दांडी मारून पलंगाखाली लपली असेल असं धरून चालतो. आईच्या पायाचं फोनवर कळलं. घोट्यावर लाल झालंय, हात लावला तर गरम लागतंय, आणि ती म्हणते डास चावलाय, दवाखाना नको. (तिच्या आयुष्यात जे काही बिघडलं ते डासानंच बिघडवलंय.) ती तुमचं ऐकत नाही, दादाचं तर नाहीच. फोनवर माझंही मधेच तोडते. पत्राला तोडता येत नाही, म्हणून हे तिच्याजवळ बसून मोठ्यानं वाचा.

आई, ऐक. पंधरा दिवसांपूर्वी इथं कारखान्यात कापडाचे तागे उतरवताना ढकलगाडीची कड माझ्या नडगीला लागली. एवढंसं खरचटलं. मी तुझाच मुलगा, लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाय टोमॅटोसारखा. डॉक्टरीणबाईंनी तो दाबून पाहिला (मी ओरडून शेजारच्या पेशंटलाही घाबरवलं), लालीच्या कडेकडेनं निळ्या पेनानं रेघ मारली आणि लाली बाहेर गेली तर धावत या म्हणाल्या. जंतू कातडीत शिरलेत, आणि त्यांच्या चार पायऱ्या असतात. पाय लाल पण माणूस ठणठणीत, ती पहिली. गोळ्या घेऊन घरी. ताप आला की दुसरी. छाती धडधडली, माणूस भलतंच बोलायला लागला की तिसरी, म्हणजे दवाखान्यातली खाट आणि सुया. चौथीत जीवावरच बेततं. ती सांगताना बाईंनी चष्मा काढून ठेवला. मी पहिलीवर होतो. आणि आई, मी मुद्दाम विचारलं, तुझ्यासारख्या साखर असलेल्या बाईचं काय? तर म्हणाल्या, तिला पहिली नाहीच, ती थेट दुसरीवर. तिनं तापाची वाट बघायची नसते.

पुढची गंमत अशी, की आंघोळीनं रेघ पुसट झाली. माझ्या खोलीत आमचे कटिंग मास्तर राहतात. तीस वर्षं कापडावर रेघा मारलेला माणूस, त्यांना पुसट रेघ बघवत नाही. रोज सकाळी पाय मांडीवर घेऊन ते नवी रेघ मारायचे, तीही अर्धा इंच बाहेरून, कारण माप नेहमी मोकळं घ्यावं. त्यामुळे लाली रोज रेघेच्या आतच! आम्ही दोघं खूश. चौथ्या दिवशी रेघ गुडघ्याला भिडली तेव्हा मास्तर म्हणाले, "वा, काय फिटिंग बसलंय!" त्यावरून डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना (मास्तरांना पेनासकट) समोर उभं करून झापलं. थोडा ताप होता, इंजेक्शनं झाली, आता पाय छान आहे. तेव्हा तू आजच जा. डासच निघाला तर तुझंच खरं होईल, मग वर्षभर आम्हाला ऐकवत बस.

आपला लाडका (असं मीच म्हणतो) दीर

ता. क. वहिनी, इथून पुढचं मनात वाचा. ताप थोडा नव्हता. मी तिसरीवर पोचलो होतो. इस्त्री करता करता मालकांनाच आई समजलो, त्यांचा हात धरून म्हणालो, "मला शाळेत नाही जायचं." त्यांनीच उचलून नेलं. सहा दिवस खाटेवर आहे, हे पत्रही तिथूनच. घाबरू नका, कालपासून लाली दोन बोटं आत सरकलीय, आणि ही रेघ बाईंच्या हातची आहे. मास्तर भेटायला आले की नर्स आधी त्यांचा खिसा तपासते.

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन आलेला, आत्ता तुमच्याकडे चहा पीत बसलेला माणूस पोस्टमन नाही. तो आमचा टेम्पोवाला. मालकांनी माल तिकडून वळवून न्यायला सांगितलंय, पुढच्या सीटवर उशी ठेवलीय, आणि आईला दवाखान्यात उतरवल्याशिवाय तो परत फिरणार नाही. ती भांडेल. भांडू द्या. भांडत भांडत बसली तरी चालेल, टेम्पोत बसली म्हणजे झालं.