शेऱ्याच्या रकान्यात आई

मु. पो. पिंपळवंडी, दि. ७ सप्टेंबर २००४, मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. वीज गेली म्हणून व्हीसीआर उघडून स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होतो, ते अर्धे ठेवून लिहायला बसलो आहे.

ती. सौ. अक्कास जानकूचा नमस्कार. दाजींचा गुडघा आता त्यांना उकिडवे बसू देतो का? लोणीला पाऊस पुरेसा झाला का? इकडे दादा बरे आहेत. मीही बरा आहे, फक्त डोळे चुरचुरतात. कारण तुला ठाऊक आहे, मी आईला शोधतो आहे.

तिचा एकही फोटो आपल्याकडे नाही. (वर्षातले आठ महिने मेंढरांमागे, फोटो काढणार कोण?) पण सावळेराम शेठांच्या स्टुडिओत एकोणनव्वद सालापासूनच्या लग्नांच्या तीनशे बारा कॅसेटी आहेत. ती एक्याण्णवला वारली. मधल्या दोन उन्हाळ्यांत एखाद्या मांडवात ती असणारच, या आशेवरच मी ही नोकरी धरली. कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या आणि मागेल त्याला पाच मिनिटांत सापडतील अशी यादी करायची, हे माझे काम. या यादीला डेटाबेस म्हणतात. (आठवीनंतर मी शिकलो ते एवढेच, तेही दोन महिने.) मी रकाने आखले: नंबर, तारीख, गाव आणि नवरदेवाचे नाव. शोधायचे ते नवरदेवाच्या नावाने. शेठ खूश झाले.

यादी पुरी झाल्यावर पहिल्याच दिवशी धोंडाबाई नावाची बाई आपल्याच लग्नाची कॅसेट मागायला आली. मी नवऱ्याचे नाव विचारले. तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, “आमचं मालक.” अक्का, नवऱ्याचे नाव बायका घेत नाहीत हे मला माहीत नव्हते असे नाही, पण रकाने आखताना आठवले नाही! गाव आणि साल विचारावे, तर हा गोंधळ माझ्या डोक्यात इतका बसला की तेही सुचले नाही. शेवटी तिने खूण सांगितली, “रामाचा भाऊ.” मी लक्ष्मण लिहिले. चौदा लक्ष्मण निघाले. एकेक लावला. ती बघायची आणि म्हणायची, “ह्यो न्हाई, ह्यो लई गोरा हाय.” चौदाही संपले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. तिचा मुलगा तिला न्यायला आला, त्याने सांगितले की बापाचे नाव भरत आहे. धोंडाबाई मलाच म्हणाली, “आवं, रामाला काय एकच भाऊ व्हता व्हय?”

म्हणून मी शेऱ्याचा रकाना वाढवला. कॅसेटीत जे जे दिसते ते त्यात लिहायचे. (आईही त्याशिवाय सापडणार नाही, हा खरा हेतू.) मी काळजीपूर्वक सगळे लिहिले. त्यावरून चिमाजी पाटील आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीत, कारण त्यांना दिलेल्या कॅसेटीवरच्या चिठ्ठीत, मुलीच्या लग्नाच्या शेऱ्यात, “चिमाजी पाटील दोन पंगतींना बसले” असे छापून गेले. जे दिसले ते लिहिले, यात माझी चूक काय?

यादीत मी आईचे नाव, “ठकूबाई”, शोधले. उत्तर शून्य. अक्का, या यंत्राला चित्रातले काही दिसत नाही. आपण जे नाव लिहू तेवढेच ते परत देते. म्हणून एकेक कॅसेट मीच बघतो. दादांना विचारले, तुमची बायको मांडवात कशी ओळखू यायची? ते म्हणाले, “तुजी आय व्हय? कॅमेरा आला का पाठ फिरवायची बग.” तेव्हापासून शेऱ्यात मी “पाठमोरी बाई” असे लिहू लागलो. अशा त्रेसष्ट झाल्या. शेठांनी परवा यादी वाचली आणि म्हणाले, “जानकू, लोकं नवरी बघाया पैसं देत्यात राव, तू पाठी काय मोजतोस?” दसऱ्यानंतर ब्याण्णवच्या आधीच्या कॅसेटी ते पुसणार आहेत, नव्या लग्नांसाठी. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या मावत नाहीत. मी दहाच ठेवू शकतो. कोणत्या, ते ठरत नाही.

वीज आली. थांबतो.
तुझा, जानकू

ता. क. आई त्या दोन उन्हाळ्यांत कोणाकोणाच्या लग्नाला गेली, ते आठवून लिही. डिंगोऱ्याच्या मामांकडचे एक होते ना?

ता. क. २. लिहू नकोस, दसऱ्याच्या आत स्वतः ये. दाजींना सांग, स्टुडिओत खुर्ची आहे, उकिडवे बसावे लागणार नाही.

ता. क. ३. हे दादांना कळू देऊ नकोस. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस, मी पाच. मला आईचा चेहरा आठवत नाही. समोर आली तरी मला कळणार नाही. एक्केचाळीस नंबरच्या कॅसेटीत एक बाई आमटी वाढता वाढता कॅमेऱ्याकडे बघून हसते. पाठ फिरवत नाही. मी तिला अकरा वेळा पाहिले आहे आणि तिच्यापुढे अजून काही लिहिलेले नाही. ती आपली नसली तर लगेच सांगू नकोस. आधी थोडा वेळ बघितल्यासारखे कर.