तुमचा हात गेला नव्हता

॥ श्री ॥

अहो,

मायना काय लिहावा, यावर बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. गाडीच्या भाड्याची वर्दी घेऊन कितीही लांब गेलात तरी तिसऱ्या दिवशी गाडी दारात. शेवटी रोज जी हाक मारत होते तीच वर लिहिली. ओळखाल ना?

काल दुपारी एक गोष्ट कळली. ती सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगायला हवी. तुमचा हात गेला नव्हता! पखवाजावरचा तुमचा हात शेवटपर्यंत होता तसाच होता. तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. माझ्या कानांनी ऐकून, रेडिओवाल्या रहिमानभाईंना साक्षीला ठेवून लिहिते आहे.

पहिल्यापासून सांगते. मध्येच "मुद्द्याला या, मॅट्रिकबाई" म्हणायचं नाही.

आपण अँबॅसेडर घेतली तेव्हा तिच्यात रेडिओ होता, आठवतो? समोर जाळीआड एकच स्पीकर. आवाज घोगरा, पण सकाळी अभंग लागला की त्यातला पखवाज कसा पोटातून बोलायचा! मला तेवढा पुरे होता. तुम्हाला नव्हता.

"टेप नसलेल्या गाडीत नवरी बसत न्हाय आता," तुम्ही म्हणालात.

"मग तिला चालत जायला सांगा," मी म्हटलं.

पण उचगावच्या लोकांनी ठरलेली लग्नाची वर्दी मोडून टेपवाली गाडी नेली, तेव्हा मी गप्प बसले. दुसऱ्याच दिवशी कसबा बावड्याहून रहिमानभाई हत्यारांची पिशवी घेऊन दारात हजर. कॅसेटचा टेप डॅशबोर्डखाली, आवाज वाढवायचा बूस्टर सीटखाली, आणि मागच्या काचेजवळच्या फळीला दोन भोकं पाडून दोन गोल स्पीकर. धडधाकट फळीला पाडलेली भोकं मला बघवत नव्हती, ते तुम्हाला दिसत होतं. म्हणून तर मुद्दाम माझ्यासमोर शीळ घालत होतात!

मग रहिमानभाई म्हणाले, "वहिनी, आता लाल-काळी वायर पायजे. दुकानातनं घिऊन येतो."

"घरात भेंडोळं पडलंय ते कशाला आहे?" मी माळ्यावरून काढून दिलं. खोलीच्या फिटिंगमधून उरलेली वायर, दोन्ही पदर पांढरेशुभ्र.

त्यांनी डोकं खाजवलं. "दोन्ही एकाच रंगाच्या हायत की. कुठली कुठं जोडली, कसं वळखायचं?"

"वीज काय रंग बघून जाते?"

तुम्ही हसलात. "लावा हो भाई तीच. न्हायतर आज दोघांनाबी जेवायला मिळायचं न्हाय."

त्या एका वाक्याचा मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! वीज काय रंग बघून जाते!

टेप वाजला. गल्ली गोळा झाली. "काय टणटणीत आवाज हाय!" सगळे म्हणत होते. मी एकटी म्हणाले, "ह्या आवाजाला पोट नाही."

"टेप आला ह्याचा राग हाय तुला," तुम्ही म्हणालात.

खोटं कसं म्हणू? पंख्याला नको म्हटलं होतं, कुकरला नको म्हटलं होतं, तुमच्या दुसऱ्या कोटाला नको म्हटलं होतं. प्रत्येक नव्या वस्तूला माझा नकार ठरलेला. त्या ढिगात माझा एक खरा नकार कुठे गेला, तो तुम्हाला सापडला नाही. तुमचा दोष नाही. पण एकदा तरी डोळे मिटून ऐकायचं होतं की!

आणि मग ती एकादशी. तुमच्या भाच्यानं पुण्याहून टेपरेकॉर्डर आणला, देवळात भजन भरून घेतलं, कॅसेट तुमच्या हातात दिली आणि रेकॉर्डर घेऊन परत गेला. घरात टेप नाही, म्हणून आपण अंगणात गाडीत बसून ऐकली. तुम्ही पुढे, मी मागे. स्वतःचा हात तुम्ही जन्मात पहिल्यांदा बाहेरून ऐकत होतात. टाळ खणखणत होते, गळे स्पष्ट होते, आणि पखवाज? पत्र्यावर बोटं वाजवावीत तसा.

तुम्ही टेप बंद केलात. आरशात तुमचा चेहरा दिसला. आधीच तुमची बोटं दुखत होती, मनात शंका होतीच.

"हात गेला माझा," तुम्ही म्हणालात.

"काहीतरीच! देवळात कसा घुमत होता. स्पीकरला पोट नाही, मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे."

"माणसं तोंडावर ग्वाड बोलत्यात. टेप खोटं बोलत न्हाय."

पुढच्या गुरुवारी, भजनाच्या दिवशी, नेहमीसारखी मी पखवाजासाठी मूठभर कणीक भिजवली. डाव्या बाजूला ती थापल्याशिवाय घुमारा येत नाही, आणि माझ्या हातची थोडी सैल कणीकच तुम्हाला लागायची. परातीत गोळा तयार होता. तुम्ही पखवाजाच्या खोळीची नाडी बांधत होतात. "नको आता," एवढंच. त्या गोळ्याची मी चपाती केली. कणीक वाया कशी घालवायची? तुम्ही ती खाल्लीत.

दोन वर्षं पखवाज खोळीत राहिला. भजनी मंडळातले बोलवायला आले की तुम्हीच त्यांना सांगायचात, "हात गेला माझा." तेच ऐकून तेही म्हणायला लागले, आणि तेच मनात धरून तुम्ही गेलात. बाकी सगळं देवानं नीट केलं, तुम्हाला फार झिजवलं नाही. हे एकच माझ्या मनात रुतून राहिलं होतं.

आता कालचं. गाडी कागलच्या पाहुण्यांना द्यायची ठरली आहे, सोमवारी नेतील. रागावू नका. उभी गाडी कुजते, हे तुम्हीच सांगायचात. द्यायची तर स्वच्छ द्यावी म्हणून धुवायला घेतली, आणि सोबतीला तुमची कॅसेट लावली. डिकी पुसताना फडकं स्पीकरच्या वायरीत अडकून ती निघाली आणि डावा स्पीकर मुका झाला. आणि अहो, त्याच क्षणी पखवाज धुम् करून बोलला!

एक स्पीकर बंद पडला आणि घुमारा वाढला? मी वायर परत लावली, तर आवाज पातळ. काढली, तर भरलेला. तीनदा करून बघितलं. मग पदर खोचून तडक रहिमानभाईंचं दुकान गाठलं.

ते आले, डिकीत वाकले, आणि डाव्या स्पीकरच्या वायरीचे दोन पदर नुसते उलटे करून जोडले. एवढंच! दोन्ही स्पीकर मिळून तुमची थाप अशी आली की फळी थरथरली. हाच तो हात. एकादशीचा, देवळातला, माझ्या कणकेवरचा.

रहिमानभाई बंपरवर बसले. "उलटी जोडली हुती वहिनी. एक स्पीकर फुडं ढकलतोय तवा दुसरा मागं वढतोय. दोघं एकमेकाचा घुमारा खात्यात. चूक माझी हाय."

"वायर माझी होती," मी म्हटलं.

ते कॅसेट संपेपर्यंत ऐकत राहिले, मग रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "ह्यो हात गेला म्हणत हुता व्हय ह्यो माणूस?"

म्हणजे लाल-काळी वायर आणू दिली असती, तर तुम्ही दोन वर्षं वाजवत राहिला असता. हे मी फिरवून फिरवून बघितलं, दुसरं काही निघत नाही. देवापुढे कबूल केलं, आता तुमच्यापुढे करते. काटकसर सोडणार नाही, तिच्यावरच आपलं घर उभं राहिलं. पण दुसऱ्याच्या कामातलं मला कळतं, असं पुन्हा म्हणणार नाही.

आणि तुम्हीही थोडं ऐका. टेप खोटं बोलत नाही म्हणालात ना? बोलला! बायको खरं बोलत होती.

आता माझा शब्द घ्या. या गुरुवारी रहिमानभाई गाडी देवळासमोर आणून उभी करतील, चारी दारं उघडी. मंडळाला तुमची कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवीन. मग सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन, की यांचा हात गेला नव्हता, वायर माझी होती. मला भीती वाटत नाही. सोमवारी गाडी जाईल, टेपही जाईल, कॅसेट माझ्याजवळ राहील.

पखवाज मंडळाला देते आहे. वाजवणारा कुणीही असो, दर गुरुवारी त्याची कणीक मीच भिजवून नेईन, तुम्हाला लागायची तशी, थोडी सैल. तो गोळा पुन्हा तव्यावर जाणार नाही.

तुमची मॅट्रिकबाई,
सुमन