जग्वार मेला नव्हता

८ जानेवारी १९८४
अनुवादाचं अकरावं प्रकरण अडलं. ॲरिझोनाचं वाळवंट, खांबाएवढे निवडुंग, कोरडी नदी. मेक्सिकोची हद्द ओलांडून एकटा जग्वार वर आलाय आणि म्हातारा गुराखी कुत्री घेऊन त्याच्या मागावर. इथवर जमलं. पण तो चालतो कसा? लेखकाने अर्धं पान नुसतं चालण्यावर लिहिलंय आणि मी जग्वार जन्मात पाहिलेला नाही. कोशात बघितलं तर 'अमेरिकेतील बिबट्यासारखा प्राणी'. झालं.
हे म्हणाले, "मग बिबट्यासारखाच चालत असंल." पिरंगुटच्या कारखान्यात पत्रा कापताना सुताचा फरक चालत नाही ह्यांना. इथे चालतो. भाकऱ्या जरा जोरात थापल्या.

२१ जानेवारी
शाळेची सहल. शेवटी प्राणिसंग्रहालय. मुली माकडांपाशी, मी पुढे गेले. पिंजऱ्यावर पाटी, 'बिबट्या'. आत बघितलं आणि पाय थांबले. अंगावरच्या कड्यांच्या आत पुन्हा ठिपके. डोकं घमेल्याएवढं, पाय आखूड, जाड. ज्याचं वर्णन इतके दिवस मराठीत करतेय तोच, जग्वार.
हेडसरांना सांगितलं. "बाई, मुलींना बिबट्याच सांगा. पाटीवर आहे ते."
"पाटी चुकलीय, सर."
"मग आपण काय करणार?"
पिंजऱ्याच्या रखवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, "लोक वाघ बघायला येतात ओ. ह्याच्यापुढं कोण थांबतंय."
थांबला होता एक. सफारी सूटातला, बायको शेजारी. शेंगांची टरफलं जग्वारच्या नाकावर मारत होता, त्याने उठावं म्हणून. मी त्या माणसाचा हात धरला. खरंच धरला. तो म्हणतो, "तुमचा आहे का?" दोघंही हसली.
नाही उठला तो. उठून जाणार कुठे? वळण्यापुरती जागा, चालण्यापुरती नाही. त्याचं चालणं बघायला गेले होते मी. येताना गाडीत मुली गाणी म्हणत होत्या.

२२ जानेवारी
सकाळी विहारात जाऊन आले आणि बसले. अकरावं एका बैठकीत संपलं. चालणं जमलं की नाही कळत नाही. रागाने लिहिलंय, एवढं नक्की.

१९ फेब्रुवारी
आक्काची शेळी बिबट्याने नेली. गाभण होती. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, परड्यात हाताने वाढवलेली तिने. गोठ्यामागे रक्त आणि ओढत नेल्याची खूण, वर डोंगराकडे. दीर म्हणाले, विष घालतो. मी म्हटलं, घालू नका, कुत्रीमांजरंही मरतील.
आक्का उठली. "मास्तरीणबाई, तुझा वाघ कागदावरचा हाय. माझा खरा हाय."
ते खरंच होतं. पण मग म्हणाली, "तुझं काय गेलं?" ते लागलं. विष घातलं नाही शेवटी. का ते माहीत नाही. आक्का माझ्याशी बोलत नाही.

१८ मार्च
पुस्तक संपलं. शेवट फार चांगला आहे. कुत्री दमलेली, म्हाताऱ्याने बंदूक धरलीय, जग्वार समोर उघड्यावर. आणि म्हातारा बंदूक खाली करतो. जग्वार न वळता, न पळता वरच्या डोंगरात निघून जातो. ह्यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "म्हाताऱ्यानं बरं केलं." पुण्याला जाऊन प्र.च्या, म्हणजे प्रकाशकाच्या, हातात दिलं.

२० मे
प्रती आल्या. मुखपृष्ठावर पट्ट्यांचा वाघ. पट्ट्यांचा. ॲरिझोनात.
ते एक वेळ गिळलं असतं. शेवटचं पान काढलं. म्हातारा चाप ओढतो. जग्वार उडतो, कोसळतो, कुत्री तुटून पडतात. म्हातारा छाती फुगवून वगैरे. त्यातलं एकही वाक्य माझं नाही, आणि आत पहिल्या पानावर अनुवाद म्हणून माझं नाव. हे म्हणाले, चहा घे. कप आपटला मी. फुटला नाही.

२१ मे
पहिल्या एस.टी.ने पुणे. प्र. शांत. पंखा लावला, बसा म्हणाला. उभीच राहिले.
"शेवट कुणी बदलला?"
"मी. मराठी वाचकाला शेवट लागतो हो बाई. नुसता निघून गेला म्हणजे काय?"
"मूळ लेखकाला विचारलंत?"
"तो अमेरिकेत. त्याला कुठे मराठी येतंय?"
"मग माझं नाव काढा."
"नवीन आहात. नाव छापून आल्यावर लोक पेढे वाटतात." आणि हसला. तेच टरफलं मारणाऱ्याचं हसू बघितलं मी त्याच्या तोंडावर. पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाला. त्याला पुढची आवृत्ती कशाला काढायची असेल?

२७ मे
अंगणात दीर मोठ्याने वाचत होते, माझंच पुस्तक. आक्का डाळ निवडत ऐकतेय. गोळी सुटली, जग्वार मेला, आणि आक्का म्हणाली, "बरं झालं. मेला." इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "चांगलं लिवलंस गं."
मी ओरडले. खोटं आहे म्हटलं, तो मेला नाही, हे मी लिहिलेलं नाही. दीर पुस्तक मिटून आत गेले. आक्काचं हसू गेलं. प्र.वरचा राग तिच्यावर काढला आणि तिला वाटलं शेळीचं भांडण उकरून काढतेय.

३ जून
आक्काच आली, दुपारी. ओट्यावर बसली. "सांग मग. खरा शेवट काय हाय?"
सांगितला. मूळ पुस्तक समोर होतं, पण पाठच आहे. म्हातारा बंदूक खाली करतो, तो डोंगरात जातो. संपल्यावर आक्काने पदराने गळ्याचा घाम पुसला.
"सोडला व्हय. आन् त्या डोंगरात त्याच्या जातीची कोण हाय का?"
"म्हणजे?"
"मादी गं. का एकलाच?"
सातव्या प्रकरणात आहे. म्हाताऱ्याच्या बापाच्या काळापासून त्या बाजूला मादी कुणी पाहिली नाही. हे वाक्य मीच मराठीत केलंय. करून पुढे गेले.
"एकटाच," म्हटलं.
"मग काय सुटला त्यो?" रागाने बोलली. माझ्यावर की म्हाताऱ्यावर कळेना. जरा बसली, चहा नको म्हणाली, गेली.
प्र.कडे परवा पुन्हा जाणार आहे. माझा शेवट परत छापा म्हणणार. म्हणणारच. पण आज दुपारपासून तो शेवटही वाचवत नाहीये माझ्याच्याने.