रुखसारचा चौकोन

२१ जानेवारी
रुखसारच्या चौकोनाची विसावी मोजणी झाली. काल संध्याकाळी तिचा फोन : "मॅडम, चांद दिसला. उद्या सकाळी या." मी दिनदर्शिकेत अमावास्या बघते, ती आकाशात चांद. वीस महिन्यांत एकदाही चुकामूक नाही.

ओहोटी सातच्या सुमारास. ती खाडीच्या चिखलात उतरून दोरीने आखलेल्या चौकोनातली तिवरांची नवी रोपं मोजते, आकडा मोठ्याने म्हणते. मी बांधावरून तोच आकडा परत म्हणते, तिला मान डोलवू देते, मग लिहिते. शेवटी दोरी सोडायला मीही उतरते. ज्या मुलीचा चौकोन, तिनेच मोजायचा. नियम माझाच. हात बदलला की आकडा बदलतो, हे माझ्या वर्गातल्या पाचही मुलींना पढवून ठेवलंय.

परतताना मुरूडच्या किनाऱ्यावर पर्यटकांचा घोळका. एकजण रु.कडे बघून, "वेअर आर यू फ्रॉम? आफ्रिका?"
"मुरूड. तुम्ही कुठचे?"
"आम्ही… पुण्याचे."
"अरे वा, बरंच लांबून आलात."
मागे वळून माझ्याकडे बघून हसली. तेविसाव्या वर्षी इतकं सराईत हसता येऊ नये कुणाला.

अलिबागच्या एका अभ्यास केंद्रात क्षेत्र-सहायकाची जागा निघाली आहे. एकच. अट : स्वतः केलेली, सलग दोन वर्षांची मासिक नोंद. अर्ज आधी पाठवायचा, शेवटच्या नोंदी मागाहून चालतील. रु.ची दोन वर्षं मेमध्ये पुरी होतात. फॉर्मवर सही आजच घेऊन ठेवली. पायाचा चिखल काथ्याने घासत होती. म्हणाली, "पगारी?"
"पगारी."
"अम्मीला अजून नका सांगू."

८ फेब्रुवारी
अलिबागला देणगीदारांसमोर कार्यक्रम. भाषण माझं. पूर्वाने खेकड्यांच्या बिळांचा नकाशा केला, तो दाखवला. बाकीच्या तिघींची कामं सांगितली. रु.ची वेळ आली आणि मी म्हटलं, "हिचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गलबतांतून इथे आले. आज ही सिद्दी मुलगी तोच किनारा राखते आहे." टाळ्यांचा कडकडाट. वाक्य काल आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

चहाच्या वेळी एका बाईंनी न विचारता तिच्या केसांना हात लावला. एक गृहस्थ : "तुमच्यात तो नाच असतो ना? दाखव की थोडासा." मी हसून विषय बदलला.
हसून.

एसटीत रेवदंड्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग : "मॅडम, पूर्वाचं काम सांगितलंत. माझे पणजोबा सांगितलेत."
मी काहीतरी म्हणाले. काय ते आता आठवत नाही, म्हणजे नक्कीच निरर्थक असणार.

१९ फेब्रुवारी
पहिला रोजा. तरी आली. एकविसावी मोजणी. तिने आकडे म्हटले, मी परत म्हटले. पाण्याची बाटली मी पिशवीतून बाहेर काढली नाही, एवढंच सुचलं.
माफी मागायची होती. चिखलात उभ्या असलेल्या माणसाची बांधावरून माफी कशी मागायची?

२० मार्च
चंद्रकोर आज मीच गॅलरीतून पाहिली. फोन आला नाही. उद्या ईद.
गेल्या वर्षीही ईद आणि मोजणी एकाच सकाळी आली होती. "आज दोनदा आंघोळ," म्हणत खिदळत आली होती. दुपारी शीरखुर्म्याचा डबा.

२१ मार्च
साडेसातपर्यंत वाट पाहिली. दोन फोन केले, उचलले नाहीत. पाणी फिरायला लागलं. हा महिना गेला की एकवीस महिने गेले, जागा गेली, हेच डोक्यात. उतरले. एकटीने दोरी लावली, एकटीने मोजलं. चव्वेचाळीस. तिच्या कागदावर लिहिलं. एरवी आकडा माझ्या हातचा, सही तिची. खाली तिची सही केली.
घरी येऊन पाय धुतले. नखांतला चिखल निघाला नाही.

२ एप्रिल
अर्ज गेला, नोंदींसकट. तिला फोनवर एवढंच सांगितलं. "बरं," म्हणाली. मार्चबद्दल तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

१९ एप्रिल
काल फोन : "चांद दिसला." पूर्वीसारखाच आवाज. मला रडू आलं.

आज मोजणी झाल्यावर तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. मार्चचा. ईदच्या सकाळी घरात पाहुणे, म्हणून संध्याकाळच्या ओहोटीला आली होती. अम्मीला घेऊन. अम्मीला लिहिता येत नाही. ती बांधावर जपमाळ, म्हणजे तिची तसबीह, घेऊन उभी राहिली. रोपामागे एक मणी. एकेचाळीस.
"तुम्हाला फोन करायचं मनात होतं," रु. म्हणाली. "पण राग होता. आता नाही."

तेव्हा सांगावंच लागलं.
बराच वेळ दोरी गुंडाळत राहिली.
"किती लिहिलेत?"
"चव्वेचाळीस."
"तीन नुसते रुतलेले कोंब असणार. पान उघडल्याशिवाय मी धरत नाही." मग, "सहीपण केलीत?"
"हो."
"जमली?"
मी तिच्या कागदाची घडी पुन्हा घालू लागले.
"माझा कागद पाठवा, मॅडम."
"मग पहिला कुणी केला ते विचारतील. सगळीच नोंद संशयात जाईल. रुखसार, जागा…"
"जागेचं मला कळतंय. पण तो महिना माझा होता. मी आले होते."

मी आले होते. दिवसभर हेच वाक्य. मी तिला न आलेली धरलं, आणि तेही तिच्याच भल्याच्या नावाखाली.

२१ एप्रिल
केंद्राला पत्र. चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत कुठे ना कुठे "तिच्या हितासाठी" आलंच. चौथ्यात फक्त मी काय केलं ते. तिचा खरा कागद जोडला.

४ मे
केंद्रातल्या साहेबांचा फोन. आवाज सभ्य. "आता आम्ही कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा?"
"तिच्या."
"तुमच्याच वर्गातली ना ती? बाकीच्या एकवीस महिन्यांनाही लिहिणारा हात तुमचाच."
खरं आहे. ती मोजायची, मी लिहायची. ती रीत मी अभिमानाने सांगत आले.
समितीपुढे ठेवतो म्हणाले.

११ मे
बाजारात अम्मी भेटली. बागेतल्या कामावरून थेट आलेली, डोक्यावर नारळाच्या झापांचा भारा. मी वाट सोडायच्या बेतात होते, तिनेच हाक मारली. माझं काही ऐकून घेतलं नाही. म्हणाली, "मॅडम, माझ्या पोरीची सही तुम्हाला येती. मला तिचं नावपन लिवता येत न्हाय." टोमणा असता तर बरं झालं असतं. खरोखरच नवल वाटल्यासारखी बघत होती.
मग म्हणाली, "चांद दिसला का सांगते. या. न्हाय आलात तं ती तोंडानी बोलनार न्हाय, पन बघत रव्हंल."

१८ मे
चोविसावी.
फोन काल अम्मीचाच आला होता. पोचले तेव्हा रु. चौकोनात उतरलेली, अम्मी बांधावर माझ्या नेहमीच्या जागी, हातात तसबीह. मी वही उघडली नाही. रु.च्या चपला बांधाच्या कडेला होत्या, पाणी चढलं तर जातील म्हणून उचलून हातात धरल्या.
ती एक-एक आकडा म्हणत होती. अम्मी मणी ओढत होती. सवयीने माझे ओठ हलायचे, मी मिटून घ्यायची.
संपल्यावर रु. वर आली, ओल्या हातांनी स्वतःच कागदावर आकडा लिहिला. दोरी तिने आधीच सोडली होती. चपला मागायला हात पुढे केला.
"अलिबागहून काही?"
"नाही अजून."
"मग पुढच्या चांदाला मोजायचं की थांबायचं?"
चौकोन तुझा, म्हणाले मी. तिने मान डोलवली. मोजणार की थांबणार, कळलं नाही.
घरी आले, सवयीने नळाखाली पाय धरले. चिखल नव्हताच.